नामसंग्रह आणि नामार्थ

बारसें ठरलें कीं घरांत पंचांगामागोमाग नामसंग्रह येतो. पंचांग आद्याक्षर सांगतें. नामसंग्रह त्या अक्षराखालीं नांवांची रांग लावतो आणि प्रत्येक नांवापुढें एक अर्थ मांडतो. पूर्वीं हीं पुस्तकें देवादिकांच्या व संस्कृत नांवांवर संतुष्ट असत. आतां त्यांत अरबी, फारसी, इब्रानी, ग्रीक अशा नाना देशांचीं नांवेंही दाखल झालीं आहेत. वाङ्मयपरीक्षणांत अशा पुस्तकांस सहसा कोणी जागा देत नाहीं. परंतु ज्या पुस्तकांतून उचललेला एक शब्द माणूस जन्मभर वागवितो, त्याची परीक्षा करणें अगदींच अनुचित ठरूं नये. या पुस्तकांविषयीं प्रस्तुत लेखकाचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं तीं शब्दाची व्युत्पत्ति देतात, व्युत्पत्ति म्हणजेच नांवाचा अर्थ असें समजतात, आणि त्यामुळें नांवाचा खरा अर्थ वाचकाच्या दृष्टीआड होतो.

प्रथम विदर्भाच्याच लेकीचें नांव घेऊं. ‘दमयंती’ म्हणजे दमन करणारी, असें संग्रहकार सांगेल. धातूकडे पाहतां तें चूक नाहीं. परंतु महाभारतांतील नलोपाख्यान वाचलेल्यास ठाऊक असतें, कीं विदर्भाचा राजा भीम निपुत्रिक होता. दमन नांवाचे ऋषि त्याच्याकडे आले, राजाराणीनें त्यांची सेवा केली, आणि त्यांच्या वरानें एक कन्या व तीन पुत्र झाले. त्या मुलांचीं नांवें दमयंती, दम, दांत आणि दमन. अर्थात् या नांवाचा अर्थ दमन नव्हे, कृतज्ञता हा आहे. आतां त्याशेजारीं निजामशाहींतील मालोजी भोसल्यांची गोष्ट ठेवावी. त्यांनीं शाह शरीफ या पिरास नवस केला व पुढें झालेल्या दोन पुत्रांस शहाजी आणि शरीफजी हीं नांवें दिलीं, अशी परंपरागत हकीकत आहे. कोशांत ‘शाह’ फारसी रकान्यांत जाईल, ‘शरीफ’ अरबी रकान्यांत आणि ‘दमयंती’ संस्कृत रकान्यांत. पण नांव ठेवणाऱ्या दोन्ही बापांचें मन एकच होतें. जेथें संस्कृति भिन्न दिसतात तेथें नांव ठेवण्याचें कारण त्यांना जोडून देतें, आणि नेमकें तेंच कारण या पुस्तकांतून गळून पडतें.

दुसरा दोष असा, कीं एका शब्दास एकच अर्थ असतो असें हीं पुस्तकें गृहीत धरतात. ‘समीर’ म्हणजे संस्कृतांत वारा. अरबींत त्याच उच्चाराच्या नांवाचा अर्थ रात्रीच्या गोष्टींचा सोबती. शेजारच्या दोन घरांत दोन समीर वाढत असतील, तर त्यांचें नांव एक कीं दोन? ‘माया’ हें उदाहरण याहून बोलकें आहे. संस्कृत कोश पाहून संग्रहकार ‘भ्रम’ असें लिहितो, आणि मग असें नांव मुलीस कां ठेवावें म्हणून वाचक पान उलटतो. परंतु मराठींत ‘माया’ म्हणजे आईच्या हाताला असते ती. आपल्या बोलींतील अर्थ डावलून धातूचा अर्थ खरा मानावयाचा, हें पांडित्य असेल, पण ती जाणकारी नव्हे.

या दोषाचें मोठें प्रत्यंतर आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतच मिळतें. ‘भीम’ या शब्दाचा कोशगत अर्थ भयंकर. परंतु केळापूर, झरी जामणी, मारेगांव या तालुक्यांतील कोलाम पोडांवर भीम हा पूज्य देव आहे. तेथें कोणी मुलास भीमा म्हणून हांक मारतो तेव्हां त्यांत भयाचा लवलेश नसतो. त्याच जिल्ह्यांत शेंकडों घरें अशीं आहेत, कीं जेथें भीम म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर, दुसरें कोणी नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतर झालें आणि त्यानंतर त्या घरांतून सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा, मिलिंद हीं नांवें नांदूं लागलीं. ‘मिलिंद’ पुढें संग्रहकार ‘भुंगा’ लिहून मोकळा होतो. पण हा मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा. नागसेन भिक्षूस त्यानें विचारलेले प्रश्न पाली ग्रंथांत जतन झाले आहेत. आंबेडकरांनीं तेव्हांच्या औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयासही हेंच नांव मिळालें. एका ग्रीक राजाचें नांव पालींतून फिरून वऱ्हाडांतील मजुराच्या घरीं येतें, तें प्रश्न विचारण्याचा अधिकार सांगण्यासाठीं; आणि त्याचा अर्थ आम्ही भुंगा म्हणून शिकवितों!

तिसरा दोष वगळण्याचा आहे, आणि तो लेखकास व्यक्तिशः बोंचला. गेल्या वर्षीं आमच्या घरीं नातीच्या बारशाची तयारी चालली असतां सून दोनतीन संग्रह चाळीत होती. ती सहज म्हणाली, “बाबा, तुमच्या आजींचं नाव यांत कुठंच नाही. त्याला काही अर्थ नव्हता का?” माझ्या आजीचें नांव धोंडाबाई. तिच्या आधींचीं तीन भावंडें गेलीं, म्हणून ही तरी दगडासारखी टिकावी या आशेनें तें ठेवलें होतें. धोंडू, दगडू, भिकू, केरू, उकर्डा हीं नांवें याच जातीचीं. जन्मलेलें मूल उकिरड्यावर ठेवून, जणुं टाकून दिलें असें मृत्यूस भासवून परत घ्यावयाचें, या चालीची नोंद रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींवरील ग्रंथांत केली आहे. ही केवळ आपल्याकडील अडाणी समजूत, असें कोणी म्हणूं नये. ग्रीक अमलाखालील व पुढें रोमन अमलाखालील मिसर देशांत मिळालेल्या पपायरसाच्या कागदपत्रांत कोप्रेउस, कोप्रिया अशीं नांवें वारंवार येतात, आणि त्यांचें मूळ शेणासाठीं असलेल्या ग्रीक शब्दांत आहे. आणखी मौज अशी, कीं परदेशी नांवांच्या यादींत ‘पीटर’ मोठ्या मानानें बसलेला असतो, अर्थ, खडक. पीटर म्हणजे आपला धोंडूच कीं! एकास यादींत पाट आणि दुसऱ्यास उंबऱ्याबाहेर, हा न्याय अर्थाचा नव्हे, प्रतिष्ठेचा आहे. ज्या महाराष्ट्रानें धोंडो केशव कर्वे यांस महर्षि म्हटलें, त्यास तरी या नांवाची लाज वाटण्याचें कारण नाहीं.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो टाळण्यासारखा नाहीं. जुन्या चालीचें प्रत्येक नांव जपण्याच्या योग्यतेचें असतें काय? नाहीं. सातारा जिल्ह्यांत मुलगा हवा असतां मुलगीच झाली म्हणून तिला ‘नकुशी’ म्हणण्याची चाल होती. २०११ सालीं तेथें समारंभपूर्वक २८५ मुलींचीं हीं नांवें बदलण्यांत आलीं, आणि तें योग्यच झालें. धोंडू आणि नकुशी हीं दोन्ही नांवें वरवर सारखींच ओबडधोबड. परंतु पहिलें नांव मृत्यूला फसविण्यासाठीं खोटें बोलतें, दुसरें त्या मुलीच्या तोंडावर खरें बोलतें. पहिल्यांत मूल हवें आहे, दुसऱ्यांत नको आहे. हा भेद धातुपाठांतून कळत नाहीं; नांव कोणी, केव्हां आणि कां ठेवलें हें विचारल्यावरच कळतो. म्हणूनच हा आक्षेप आमच्या म्हणण्यास बाधक नसून पोषक आहे.

तर मग चांगला नामसंग्रह कसा असावा? त्यानें व्युत्पत्ति अवश्य द्यावी, पण तेथेंच थांबूं नये. पुसद तालुक्यांतील गहुलीच्या बंजारा घराण्यांत फुलसिंग नाईकांच्या एका पुत्राचें नांव राजूसिंग आणि दुसऱ्याचें वसंतराव. हे वसंतराव १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ‘वसंत’ हा एक ऋतु, एवढें सांगून भागत नाहीं. बापाच्या नांवांतील ‘सिंग’ आणि मुलाच्या नांवांतील ‘राव’ या दोहोंमध्यें तांड्यापासून मराठी समाजापर्यंतची वाट आहे, तीही दाखविली पाहिजे. राहुलाच्या नांवामागें पुत्रजन्म ऐकून ‘बंधन उत्पन्न झालें’ असें म्हणणाऱ्या बापाची व्यथा आहे. ती झांकून तेथें एखादा गोड अर्थ बसविण्याचें कारण नाहीं. मनुष्यांचीं नांवें नेहमींच मंगल नसतात; तीं भीति, नवस, बंड आणि उपकार यांतून जन्मतात. गोड अर्थांच्या यादीनें संस्कृतींची ओळख होत नाहीं, फक्त निवड सोपी होते.

असो. आमच्या नातीचें नांव धोंडाबाई ठेविलें नाहीं. तसा आग्रहही कोणी धरला नाहीं, कारण मूल जगेल कीं नाहीं ही ती जुनी धास्ती आज आमच्या घरांत नाहीं, आणि धास्तीवांचून तें नांव केवळ सोंग झालें असतें. मात्र सुनेनें एक गोष्ट केली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तिनें मुलीचें नांव आणि तें कां निवडलें तें चार ओळींत लिहिलें, त्याखालीं घरांतील मागच्या बायकांचीं नांवें, आणि ‘धोंडाबाई’ पुढें तिनें अर्थ लिहिला, “हिनं जगावं म्हणून.” तीन संग्रहांत न मिळालेला अर्थ तीन शब्दांत मावला.