एडवर्ड ॲबी यांचे वाळवंटी लेखन : निसर्गप्रेम आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
अमेरिकन निसर्गलेखनात अरण्य, सरोवर व पर्वत यांना मानाचे स्थान लाभले. वाळवंट मात्र दीर्घकाळ ओसाड भूमी म्हणून उपेक्षित राहिले. ही उपेक्षा दूर करणाऱ्या लेखकांत मेरी ऑस्टिन यांच्यानंतर एडवर्ड ॲबी (१९२७-१९८९) यांचे नाव ठळकपणे घ्यावे लागते. त्यांच्या निसर्गप्रेमाचे सामर्थ्य आणि मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवन व साहित्य :
पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या ॲबी यांनी न्यू मेक्सिको विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले. अराज्यवाद व हिंसेची नैतिकता हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९५६ व १९५७ मध्ये त्यांनी युटा राज्यातील आर्चेस येथे हंगामी वनरक्षक म्हणून काम केले. त्या अनुभवांतून 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) हे पुस्तक साकारले. 'द मंकी रेंच गँग' (१९७५) ही त्यांची कादंबरीही विशेष गाजली.

निसर्गदृष्टी :
ॲबी वाळवंटावर मानवी भावभावनांचे आरोपण करू इच्छित नाहीत. खडक हा खडक म्हणून आणि साप हा साप म्हणूनच पाहावा, असा त्यांचा आग्रह आहे. दगडाने ससा मारल्याचा प्रसंग ते पश्चात्तापाविना सांगतात. वाचकाला हा प्रसंग खटकतो; परंतु भाबड्या निसर्गप्रेमाला दिलेले ते उत्तर आहे.

हे प्रेम वर्णनापुरते राहत नाही, ते प्रतिकाराचे रूप घेते. राष्ट्रीय उद्यानांत मोटारींना बंदी असावी, पर्यटकांनी पायी, सायकलने किंवा घोड्यावरून फिरावे, असे ते सुचवतात. कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरणात १९६३ पासून पाणी साठू लागले व ती दरी बुडाली. तत्पूर्वी केलेल्या नौकाप्रवासाचे त्यांचे वर्णन म्हणूनच शोकगीतासारखे भासते.

मर्यादा :
पुस्तकातील एकांत हा काही अंशी रचलेला आहे. एकाहून अधिक हंगामांचे अनुभव तेथे एकाच हंगामात गुंफले आहेत. त्या काळात ॲबी विवाहित होते व एका मुलाचे पिताही होते. परंतु या संसाराला पुस्तकात जवळपास स्थान नाही. ललित लेखनात अशी निवड क्षम्य ठरते. मात्र मेक्सिकोतून येणाऱ्या स्थलांतरितांना त्यांनी पुढे केलेला विरोध तसा क्षम्य मानता येत नाही. मुक्त भूमीचा पुरस्कर्ता तेथे सीमेचा पहारेकरी होतो. एकांताचा हक्क कोणाला, हा प्रश्न त्यांचे लेखन टाळते.

निष्कर्ष :
गर्दी आवरण्यासाठी आर्चेस येथे २०२२ मध्ये वेळ राखून प्रवेश देण्याची पद्धत सुरू करावी लागली. पर्यटनाविषयीची ॲबी यांची भीती खरी होती, हे यावरून दिसते. निसर्गाचा कैवार घेताना माणसांत भेद केला, तर तो कैवार अपुरा राहतो, हा धडाही त्यांच्याच साहित्यातून मिळतो. म्हणून या लेखनाचे वाचन गौरवाच्या भूमिकेतून न होता चिकित्सक दृष्टीने होणे आवश्यक आहे.