सुरू झाला, पण गवत कापलं का?

रिस्टोरेशनच्या व्हिडिओंचं व्याकरण आता ठरून गेलं आहे. सुरुवातीला गंजलेली वस्तू चारही बाजूंनी फिरवून दाखवायची. मग अडकलेले बोल्ट, वाळूचा फवारा, लेथ, रंग. कोणी बोलत नाही. पान्याचा, कानशीचा, ब्रशचा आवाज तेवढा येतो. शेवटी तीच वस्तू दागिन्यासारखी मांडलेली. ‘माय मेकॅनिक्स’ या स्विस चॅनेलने हा प्रकार कळसाला नेला. एखादा स्क्रू खराब निघाला की पडद्यावर ‘नवा बनवतो’ अशा अर्थाची ओळ येते, आणि तो खरंच नवा बनतो. हे कसब वादातीत आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधून झाल्यावर रात्री डोकं इतकं शांत करणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही.

पण डोकं शांत होतं ते या व्हिडिओंत प्रश्नच नसतो म्हणून. शेगडा किंवा हातोडा गंजतो, झिजतो, मोडतो. त्याचं दुखणं वरूनच दिसतं. हेच व्याकरण इंजिन असलेल्या यंत्राला लावलं की गडबड होते, आणि ती सगळ्यात स्पष्ट दिसते ती जुन्या अमेरिकन गार्डन ट्रॅक्टरांच्या व्हिडिओंत.

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे घराभोवतालचं एखाद-दोन एकर गवत कापणारा, हिवाळ्यात बर्फ ढकलणारा छोटा ट्रॅक्टर. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 साली ‘कब कॅडेट’ आणला, त्यात कोहलरचं एका सिलिंडरचं सात अश्वशक्तीचं इंजिन होतं. कोहलरची ही ‘के’ मालिका मला फार सभ्य वाटते. आपले गॅरेजवाले ज्याला सीबी पॉइंट म्हणतात, तो त्या काळच्या बऱ्याच छोट्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली दडलेला असे. कोहलरने तो बाहेर, एका छोट्या झाकणाखाली ठेवला. झाकण काढा, फट 0.020 इंच लावा, झालं. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच. हेड उचललं की समोर. हे इंजिन बनवणाऱ्याने मालकाच्या हातात पाना गृहीत धरला होता.

चकचकीत व्हिडिओत नेमकं हेच वाया जातं. ट्रॅक्टरचा शेवटचा नट सुटा होतो, सगळं धुतलं-रंगवलं जातं, गॅस्केटपासून कार्ब्युरेटरपर्यंत सुटे भाग नवे येतात आणि इंजिन सुरू होतं. ते बंद का पडलं होतं? कळत नाही. सगळा प्रोग्राम पुसून नव्याने लिहिला तर बगही जातोच की. वर त्या ओतीव लोखंडाला लुगदी भरून, घासून अशी झिलई आणतात, जी कारखान्यातून निघताना त्याला कधीच नव्हती. जुन्या ट्रॅक्टरांच्या शौकिनांत मूळ रंगातल्या, ओरखडलेल्या यंत्राला ‘कामाच्या कपड्यांतला’ म्हणायची पद्धत आहे. पेडलवरचा रंग कुठे उडालाय यावरून चालवणाऱ्याचा पाय कुठे पडायचा ते समजतं. त्यावर पावडर कोटिंग चढवणं ही माझ्या मते अरसिकता आहे.

या घराण्याचा एक गावंढळ चुलतभाऊ आहे: ‘वीस वर्षांनी सुरू होईल का?’ जातीचे व्हिडिओ. कॅमेरा हलतो, माणूस अखंड बडबडतो, मध्येच कुत्रं येतं. कला म्हणून मला हे उजवे वाटतात. इंजिन फिरतं, पण पेटत नाही. ठिणगी आहे का? नाही. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला, आता आहे. तरी नाही. कॉम्प्रेशन? अंगठा प्लगच्या भोकावर धरला तर हवा ढकलतच नाही. रिंगा गेल्या असणार, असं म्हणत तो हेड काढतो, तर एक व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला. थोडं तेल, हलके ठोके, आणि तो खाली बसतो. माणूस आपल्यासमोर चुकीचा अंदाज करतो आणि तो बदलतो. ‘नवा बनवतो’ म्हणणाऱ्याला ही संधीच मिळत नाही, बिचाऱ्याला.

मात्र यांचीही एक लबाडी आहे. टाकी गंजलेली म्हणून पेट्रोलची बाटली टांगतात, इंजिन धूर ओकत पाच मिनिटं चालतं, माणूस नाचतो, व्हिडिओ संपतो. ही इंजिनं हवेने थंड होतात, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या यंत्राच्या पत्र्याखाली, थंडाव्याच्या पात्यांमध्ये, उंदरांची घरटी असतात. रिकामं चालताना त्याने फारसं बिघडत नाही. भराखाली अर्ध्या तासात इंजिन भाजून निघेल. तेलाची सील गळते का, क्लच घसरतो का, हे तर पात्यांचा डेक जोडून गवतात नेल्याशिवाय कळायचंच नाही.

म्हणून मला तिसराच व्हिडिओ हवा आहे, आणि तो क्वचित दिसतो. जुना रंग तसाच, पत्रा काढून पाती साफ केलेली, टाकी स्वतःची. ट्रॅक्टर उंच गवतात शिरतो, इंजिनाचा आवाज क्षणभर बसतो, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो आणि आवाज पुन्हा वर येतो. असाच अर्धा तास, संगीत न लावता. नंतर तेलाची पातळी तपासलेली दाखवली तर आणखी उत्तम.