सावकार सभागृहात बसतो तेव्हा : बर्कच्या १७८५ च्या भाषणाचे पुनर्वाचन

व्यापारी कंपन्या सरकारच गिळतील, असा इशारा देणाऱ्यांत एडमंड बर्कचे नाव येते ते वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगामुळे. त्या खटल्याचा गाजावाजा मोठा झाला, पण १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. माझ्या मते बर्कचा खरा इशारा त्याच्या २८ फेब्रुवारी १७८५ च्या भाषणात आहे. विषय होता अर्काटच्या नबाबाचे कर्ज. मी इंग्रजीचा प्राध्यापक नव्हे. शब्दकोश शेजारी ठेवून हे भाषण वाचले आणि ते भाषणापेक्षा खतावणीच्या तपासणीसारखे वाटले.

या प्रकरणाचा एक धागा थेट मराठ्यांशी जोडलेला आहे. १७७३ मध्ये नबाब महंमद अलीने कंपनीच्या फौजेच्या बळावर भोसल्यांचे तंजावर घेतले. १७७६ मध्ये मद्रासचा गव्हर्नर पिगट याने ते तुळजाराजांना परत दिले. तेव्हा पॉल बेनफिल्ड हा कंपनीचा कनिष्ठ नोकर पुढे झाला. तंजावरच्या वसुलावर आणि पिकांवर आपले दोन लाख पौंडांहून अधिक येणे आहे, असा त्याचा दावा होता. पिगटने तो मानला नाही. तंटा वाढला, कौन्सिलातील बहुमताने गव्हर्नरलाच अटक केली आणि १७७७ मध्ये तो कैदेत वारला.

१७८४ च्या कायद्याने कंपनीवर सरकारी नियंत्रण मंडळ आले. नबाबाच्या कर्जाची आधी चौकशी व्हावी, असे कंपनीच्या संचालकांचे म्हणणे होते. मंडळाने मात्र चौकशीविनाच कर्नाटकच्या महसुलातून फेड करण्याचा हुकूम दिला. असे का झाले? बर्कचे उत्तर रोखठोक आहे : बेनफिल्डने स्वतःसह आठ सभासद पार्लमेंटात बसवले होते. रयतेकडून वसूल झालेला पैसा लंडनला जातो, तेथे जागा विकत घेतो आणि पुढच्या वसुलीचा हुकूम घेऊन परत येतो. हे चक्र बर्क आकड्यांनिशी दाखवतो, हे या भाषणाचे बळ.

उणिवाही लपवू नयेत. बर्कचा आप्त विल्यम बर्क तंजावरच्या राजाचा वकील होता, म्हणजे वक्ता अगदीच तटस्थ नव्हता. त्याहून मोठी उणीव विचारातली आहे. मूठभर मतदारांचे मतदारसंघ तेव्हा उघड विकले जात, आणि बर्क तर पार्लमेंटच्या सुधारणेच्या विरोधात होता. गिऱ्हाईक हाकलायचे आणि दुकान उघडे ठेवायचे, असा हा प्रकार झाला.

येथे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आठवते. टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये, असे त्यात बजावले आहे. अमात्यांना व्यापाऱ्याच्या पाठीशी राज्य दिसले. सुमारे सत्तर वर्षांनी बर्कला राज्याच्या आत व्यापारी बसलेला दिसला. दोन्ही इशारे एकत्र वाचले तरच चित्र पुरे होते.

सभागृहाने बर्कचे ऐकले नाही. पुढे १८०५ मध्ये कर्नाटकच्या नव्या कर्जांसाठी आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे तीन कोटी पौंडांहून अधिक दावे आले, त्यांतला दहावा हिस्साही खरा ठरला नाही. जी चौकशी १७८५ मध्ये नाकारली, तिची किंमत दरम्यानच्या वीस वर्षांत कर्नाटकच्या शेतकऱ्याने भरली.