दुसरी बाजू

जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तास-दोन तास उभे राहून तबकड्या चाळणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे मानणारे सुबुद्ध लोक आमच्या परिचयात पुष्कळ आहेत. हवे ते गाणे आज खिशातल्या यंत्रावर क्षणात मिळते. मग धूळ कशासाठी खायची, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. केवळ गाणे मिळविणे एवढाच हेतू असेल, तर त्या दुकानाची पायरी चढूच नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु गाण्याचा विचार करू पाहणाऱ्यास तेथे जे मिळते, ते अन्यत्र मिळत नाही.

या शोधासाठी सांगली-मिरजेइतकी सुपीक भूमी थोडी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. 'शारदा'कार देवल जवळच्या हरिपूरचे. मास्टर दीनानाथांचे बिऱ्हाड काही वर्षे सांगलीत होते. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ साली तेथेच जन्मल्या, आणि सतार-तंबोरे घडविणारी कारागीर घराणी तेथे आजही नांदत आहेत. अशा गावांतील वाड्यांत ग्रामोफोन नसता तरच नवल! वाडा पाडून इमारत उभी राहते, तेव्हा माळ्यावरचे खोके खाली येते आणि जुन्या वस्तूंच्या दुकानात वजनावर विकले जाते.

सांगलीतील अशाच एका दुकानात आम्ही अधूनमधून जातो. रेकॉर्डना तेथे कसलाही क्रम नाही. नाट्यपदाखाली कीर्तन, त्याखाली चित्रपटगीत, मध्येच कोणा अनामिकाची सनई. दुकानदार लाखेची तबकडी बोटावर तोलतो आणि मडके वाजवून घ्यावे तशी टिचकी मारतो. बद्द आवाज आला तर तडा गेलेला समजावा. मग ती उजेडात तिरपी धरून ओरखडे पाहायचे. हे सगळे हातांचे आणि डोळ्यांचे काम आहे, आणि ते उरकेपर्यंत गिऱ्हाइकाने मागितलेली तबकडी बाजूला राहून दुसरीच त्याच्या हाती आलेली असते.

आता मूळ मुद्दा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सव्वातीन-साडेतीन मिनिटांपलीकडे गाणे मावत नसे. त्यामुळे 'हे काही खरे गाणे नव्हे, मैफलीचा चतकोर तुकडा आहे,' असे जाणकार म्हणवणारे म्हणत आले. आम्हांस हे पटत नाही. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी ऐकावी. तीत काही कापल्याची खूण कोठे दिसते? अवकाश आखडला म्हणून त्यांनी घाई केलेली नाही. त्या मापाचेच एक वेगळे शिल्प घडविले आहे. उलट 'वन्स मोअर'च्या गजरात लांबत जाणारे बालगंधर्वांचे रंगभूमीवरील पद आणि तबकडीवरचे त्यांचेच पद या दोन निराळ्या कृती आहेत. एकीच्या मापाने दुसरी मोजणे अन्यायाचे होईल.

तबकडीस दुसरी बाजूही असते. एका बाजूच्या मोहाने ती विकत घ्यावी आणि घरी गेल्यावर उलटून पाहावे, तो कधी ऐकला नव्हता असा राग समोर यावा! कोणते गाणे कोणाच्या पाठीस लावायचे, हे कंपनीतील कोणीतरी ठरविलेले असते, आणि त्यात त्या काळाची आवड दिसते. यंत्रावरील यादीत गाणी सुटी-सुटी मिळतात. त्यांची पाठ कोणाशी लागली होती हे तेथे बहुधा कळतच नाही. लेबलेही वाचण्याजोगी असतात. एखाद्या गायिकेच्या नावापुढे कंसात 'अमॅच्युअर' असे छापलेले दिसते. ही बाई पेशाने गाणारी नव्हे, घरंदाज आहे, असे गिऱ्हाइकास बजावणारा तो शब्द समाजाविषयी पुष्कळ काही सांगून जातो.

आमच्या वाचकांस गंमत वाटेल अशी एक गोष्ट येथे नमूद करतो. फ्रेड गायसबर्ग नावाच्या ध्वनिमुद्रकाने एप्रिल १९०२ मध्ये व्हॅटिकनमध्ये सिस्टाईन चॅपेलचे गायक मोरेस्की यांचा आवाज टिपला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यास येऊन गौहर जान यांचा! पोपमहाशयांच्या प्रार्थनामंदिरातील गायक आणि कलकत्त्याची तवायफ एकाच कर्ण्यापुढे गायली.

साताऱ्यात रेकॉर्डचे स्वतंत्र दुकान आम्हांस आढळले नाही. कुलपे, घड्याळे, पितळी समया यांच्या गर्दीत दहा-वीस तबकड्या दिसतात, आणि त्यांचा नूर निराळा असतो. तेथे नाट्यपदे कमी. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे भेटतात, लावणी भेटते.

अलीकडे मोठ्या शहरांत नव्या विनाइल तबकड्यांची टूम निघाली आहे. मुंबईचे 'रिदम हाऊस' २०१६ साली बंद झाले, आणि त्याच सुमारास तरुणांना रेकॉर्डची आवड नव्याने लागली. आवड चांगली; परंतु भिंतीवर टांगण्यासाठी घेतलेली, न वाजणारी रेकॉर्ड पाहिली की आम्हांस न उघडलेल्या बायबलची आठवण होते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या सभासदांनी तबकड्या जमविल्या, वाजविल्या आणि त्यांवर लिहिले, हे काम आम्ही थोर मानतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा उपरोक्त दुकानही त्यात सापडले. विनाइलची पाकिटे एकमेकांस चिकटून लगदा झाली. लाखेच्या तबकड्या बऱ्याचशा वाचल्या, पण लेबले धुऊन गेली. नाव नाही, राग नाही, कंपनी नाही. अशा चाळीसएक तबकड्या दुकानदाराने वेगळ्या ठेवल्या आहेत आणि येणाऱ्या गिऱ्हाइकास तो एकेक लावून दाखवितो. आरंभीच्या काळात मेणाचे मूळ साचे जर्मनीस हॅनोव्हरला जात, आणि तेथील कामगारांस कळावे म्हणून गाणारी मंडळी शेवटी स्वतःचे नाव उच्चारत. म्हणून तो अधेमधे सुई उचलू देत नाही. गाणे संपते, खरखर उरते, आणि दुकानातील सारे जण कान देऊन उभे राहतात.