उबदार खुनाचं मूल्यमापन कसं करायचं?

‘कोझी मिस्टरी’वर संशोधन करायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात संशोधन करण्यासारखं काय आहे? हा प्रश्न पेटच्या मुलाखतीत येतो, सिनॉप्सिसच्या सादरीकरणात येतो आणि घरीही येतो. तो वैतागून उडवून लावू नका. त्याचं उत्तर एखाद्या कादंबरीच्या वाचनातूनच द्यावं लागतं, म्हणून आज एकच कादंबरी घेऊ : अगाथा ख्रिस्तीची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’, 1950 सालची. (पुढे खुनी कोण ते सांगितलं आहे. संशोधकाला शेवट झाकून ठेवून चालत नाही.)

आधी शब्दाबद्दल थोडं. कोझी म्हणजे उबदार, आरामशीर. छोटं गाव, एकमेकांना ओळखणारी माणसं, पोलिसांपेक्षा चौकस असलेली एखादी हौशी बाई, रक्त आणि लैंगिक वर्णन जवळजवळ नाही, आणि शेवटी घडी नीट बसते. बाजारात या नावाचा कप्पा पुढे तयार झाला आणि ख्रिस्तीची मिस मार्पल मागाहून त्याची आजी ठरली. हे ध्यानात ठेवा, कारण अनेक सिनॉप्सिसमध्ये व्याख्या आधी लिहिली जाते आणि मग 1950 चं पुस्तक त्या व्याख्येत कोंबलं जातं.

आता कथानक. चिपिंग क्लेघॉर्न गावाच्या वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींमध्ये एक मजकूर येतो : अमुक दिवशी संध्याकाळी साडेसहाला ‘लिटिल पॅडॉक्स’ या घरी खून होणार आहे, मित्रमंडळींनी यावं. शेजारी नटूनथटून हजर होतात. दिवे जातात, गोळ्या सुटतात, एक तरुण परका माणूस मरून पडतो. घराची मालकीण लेटिशिया ब्लॅकलॉक थोडक्यात वाचली, असं सगळ्यांना वाटतं.

एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने 1944-45 मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये या प्रकारावर सडकून टीका केली. त्याच्या मते हे वाचन म्हणजे व्यसन, आणि ख्रिस्तीचं लेखन वाचवत नाही इतकं सपाट. उलट कवी ऑडनने 1948 मध्ये स्वतःचं व्यसन कबूल करून कारण शोधलं : ठिकाण जितकं स्वर्गासारखं निष्पाप, तितकं तिथलं प्रेत जास्त खटकतं. वाचकाला त्या निष्पापपणात परत जायचं असतं. सिनॉप्सिसमध्ये ऑडन हमखास येतो. येऊ दे, पण त्याला या पुस्तकासमोर उभा करा. चिपिंग क्लेघॉर्न स्वर्ग आहे का?

अजिबात नाही. युद्ध संपून पाच वर्षं झालीत, रेशनिंग चालूच आहे (ब्रिटनमध्ये ते 1954 ला पूर्ण संपलं). शेजारी लोणी-अंड्यांची चोरून देवाणघेवाण करतात. घर गरम ठेवायला कोळसा पुरत नाही. मिस मार्पल या कादंबरीत एक फार महत्त्वाची गोष्ट बोलते : पूर्वी गावात कोण कुठलं हे सगळ्यांना माहीत असायचं, आता माणसं येतात, राहतात, आणि ती स्वतःबद्दल सांगतील तेवढंच आपल्याला कळतं. इन्स्पेक्टर क्रॅडॉकलाही हेच छळतं. ओळखपत्रं आहेत, पण त्यांवर ना फोटो ना बोटांचे ठसे.

आणि खून याच फटीतून आत आलाय. लेटिशिया ही लेटिशिया नाहीच. ती मेलेल्या बहिणीचं नाव घेऊन, तिच्या वाट्याला येणाऱ्या वारशासाठी जगणारी शार्लट आहे. गळ्यावरचा शस्त्रक्रियेचा व्रण ती मोत्यांच्या माळेखाली लपवते. म्हणजे रहस्याचं उत्तर आणि समाजाचं दुखणं एकच. मूल्यमापनाचा माझा पहिला निकष हाच : उत्तर कळल्यावर पुस्तकाचा अर्थ वाढतो की संपतो? इथे तो वाढतो.

दुसरं वाचन करून बघा. शार्लटची जुनी मैत्रीण डोरा बनर मध्येच तिला ‘लेटी’ऐवजी ‘लॉटी’ म्हणते. रोमन लिपीत एका अक्षराचा फरक, छपाईची चूक वाटून नजर पुढे सरकते. देवनागरीत मात्र मात्रा बदलते आणि लगेच टोचते. भाषांतर अभ्यासात जाणाऱ्यांनी हा मुद्दा टिपून ठेवावा.

याच डोराला शार्लट मारते, कारण तिची जीभ घसरते. पण मारण्याआधी तिचा वाढदिवस थाटात करते, मिट्झीकडून केक करवून घेते. प्रेम खरं आणि विषारी गोळ्याही खऱ्या. विल्सनला इथे सपाट काय दिसलं असतं, कोण जाणे. पुढे मर्गट्रॉइडचा खून होतो, पावसात, वाळत घातलेल्या कपड्यांजवळ. तिच्यासोबत राहणारी हिंचक्लिफ मोजकंच बोलते, आणि त्या मोजक्या बोलण्यात उबदारपणा पार विरून जातो. ‘कोझीत शोक नसतो’ असं वाक्य तुमच्या प्रकरणात असेल तर ते खोडा.

आता तक्रार. ती केली नाही तर हे कौतुक झालं, समीक्षा नाही. मिट्झी ही युरोपातून आलेली निर्वासित स्वयंपाकीण. घरचे मारले गेल्याचं ती सांगते आणि सगळे तिला खोटारडी, नाटकी म्हणतात. तिच्या बोलण्याच्या तळाशी काही खरं आहे, हे एका पात्राकडून वदवलं जातं, शेवटी खुन्याला पकडण्यात ती जिवावरची जोखीमही घेते. तरी ती विनोदाचाच विषय राहते. कोण कुठलं हे कळत नाही म्हणून घाबरलेल्या गावात जिची खरी ओळख पुसली गेली तिच्यावर हसायचं, आणि नकली ओळखवालीला चहा द्यायचा! ही विसंगती लेखिकेने जाणून ठेवली, असं मला मजकुरात दिसत नाही. माझ्या मते पुस्तकाची ऊब इथे मिट्झीच्या खर्चाने टिकते, आणि हा दोष काळावर ढकलून मिटत नाही. 1950 च्या वाचकाला युरोपात काय झालं ते माहीत होतं.

सिद्धांत लागणारच असेल तर अ‍ॅलिसन लाइटचं ‘फॉरएव्हर इंग्लंड’ (1991) वाचा. ख्रिस्ती म्हणजे निव्वळ गतकाळाचं उसासणं, हा समज ती मोडते. पण तिचा अभ्यास दोन महायुद्धांमधल्या काळाचा आहे. तो 1950 च्या कादंबरीवर जसाच्या तसा लावलात तर वायवामध्ये पहिला बाण तिथेच लागेल.

आणि ‘मराठीत काय?’ असं विचारलं जाईलच. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर कादंबऱ्या वाचल्या गेल्या, पण त्यांतला झुंजार धाडसी नायक आहे, आळीतली चौकस म्हातारी नव्हे. त्यामुळे ओढूनताणून तुलना करू नका. मराठी रहस्यकथेत घराच्या आत, ओळखीच्या माणसांत घडणारा खून कुठे आणि कसा येतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी आधी ती पुस्तकं गोळा करावी लागतील. जुन्या वाचनालयांपासून सुरुवात करा, रद्दीत जायच्या आत.