भजन स्पर्धांची गुणपत्रिका आणि अभंगाचा अर्थ : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संतवाङ्मयाच्या अभ्यासात अभंगाच्या संहितेचा जेवढा विचार झाला, तेवढा त्याच्या गायनव्यवहाराचा झालेला नाही. गावोगावच्या भजनी मंडळांचा हा व्यवहार आज स्पर्धांशी निगडित झाला आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ भजन स्पर्धा घेते. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धेत पुरुष, महिला व बाल असे गट असतात. गणेशोत्सव, जत्रा यांच्या निमित्ताने होणाऱ्या स्थानिक स्पर्धा वेगळ्याच. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका परिचित मंडळाचा अनुभव समोर ठेवून, स्पर्धेमुळे अभंगाच्या गायनाचे नेमके काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्पर्धेची परंपरा

भक्ती आणि चढाओढ यांचे जमत नाही, हा आक्षेप वरवरचा आहे. शाहिरीतील कलगी-तुऱ्यात सवाल-जवाब होते. कोकणातील डबलबारीत आजही दोन बुवा समोरासमोर बसतात. परंतु तेथे उत्तर द्यायचे तर आधी प्रतिपक्षाचे ऐकावे लागते. म्हणजे ऐकणे हा त्या चढाओढीचाच भाग असतो. आजच्या मंचीय स्पर्धेत नेमके हेच गळून पडले आहे. उपरोक्त मंडळाला एका स्पर्धेत शेवटचा क्रमांक मिळाला. त्याची पाळी आली तेव्हा समोर परीक्षक आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या होत्या. आधी गायलेली मंडळे आपापली वाद्ये गाडीत भरून निघून गेली होती. त्यांना दोष देता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला कामावर जायचे असते.

गुणपत्रिकेचे सौंदर्यशास्त्र

सूर, ताल, शब्दोच्चार, सांघिकता, सादरीकरण असे रकाने गुणपत्रिकेत सामान्यतः आढळतात. अभंगाच्या अर्थासाठी स्वतंत्र रकाना क्वचितच असतो. त्यातच वेळेचे बंधन आणि वेळ ओलांडल्यास गुणांत कपात. याचा परिणाम थेट संहितेवर होतो. या मंडळाने पंचवीस मिनिटांत रूपाचा अभंग, दुसरा अभंग, गजर आणि गौळण बसविली, तेव्हा अभंगाची मधली कडवी वगळावी लागली. ध्रुपद, त्यावर आलाप-ताना, आणि मग थेट नाममुद्रेचे शेवटचे कडवे. तान कापली असती तर गुण गेले असते. कडवे कापल्याने काहीच गेले नाही.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. तुकारामांच्या अनेक अभंगांत ध्रुपद विधान मांडते, मधली कडवी दृष्टांतांनी ते पारखतात आणि मुद्रेच्या कडव्यात कवी त्याची जबाबदारी स्वतःवर घेतो. मधला भाग गाळला की विचाराची साखळी तुटते आणि अभंगाचे केवळ सुभाषित होते. देवळातील भजनात टाळकरी प्रत्येक चरण उचलून घेत, त्यामुळे संहिता समूहाच्या स्मरणात टिकून राहत असे. मंडळातील तरुण पखवाजवादकाला स्पर्धेचा अभंग पक्का येतो. पण तो किती कडव्यांचा आहे हे त्याला ठाऊक नव्हते. स्पर्धेने त्याचा हात तयार केला, त्याच्या अभंगाला मात्र कात्री लावली.

स्पर्धेचे देणे

असे असले तरी स्पर्धा सरसकट त्याज्य ठरविणे अन्यायाचे होईल. सुरात पेटी लावणे, टाळांचा ठेका सांभाळणे, शब्द स्पष्ट उच्चारणे ही शिस्त या मंडळाला स्पर्धेनेच लावली. त्याच गावातील महिलांना रात्री सरावासाठी घराबाहेर पडण्याचे सर्वमान्य कारण प्रथम मिळाले तेही स्पर्धेमुळे. नुसत्या भजनाला जाते म्हटले असते तर घरातून जी संमती मिळाली नसती, ती ‘स्पर्धा आहे’ या शब्दाने मिळाली. हा सामाजिक लाभ लहान नव्हे.

समारोप

गुणपत्रिका ही शब्दांविना केलेली समीक्षाच असते. मंडळ हाती केवळ एक क्रमांक घेऊन परतते. तो का मिळाला हे त्याला कोणी सांगत नाही. मग ते विजेत्या मंडळाच्या चालींचे अनुकरण करू लागते आणि सर्वत्र एकच भजन ऐकू येऊ लागते. यावर उपाय अवघड नाही. एक अभंग संपूर्ण गाण्याची अट असावी, अर्थानुसारी गायनाला स्वतंत्र गुण असावेत आणि परीक्षकांनी प्रत्येक मंडळाला चार ओळींचा लेखी अभिप्राय द्यावा. अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून मराठी व संगीत विषयांच्या प्राध्यापकांना अनेकदा पाचारण केले जाते. त्यामुळे ही सूचना आयोजकांइतकीच आपल्यालाही उद्देशून आहे. वर्गात आपण ज्या अभंगाचे कडव्यागणिक विवरण करतो, तोच मंचावर अर्धा गायला जात असता आपण मुकाट्याने गुण मांडत असू, तर कात्री केवळ मंडळाच्या हातात आहे असे म्हणता येणार नाही.