रामराजाचे पितृत्व : कुळाचा पुरावा आणि शपथेची चिकित्सा

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत पांगलेली अनेक घराणी आजही 'आमचे कुलदैवत सोनारीचा भैरवनाथ' असे सांगतात. ज्या घराण्यांजवळ वतनाचा कागद नाही, सनद नाही, त्यांच्याजवळ मूळ ठिकाणाची एवढीच खूण शिल्लक असते. मात्र कुलदैवत कुळाची दिशा दाखवते, अमुक व्यक्तीचा पिता कोण हे सांगत नाही. पूर्वजाच्या पितृत्वाविषयी शंका उत्पन्न झाली तर मराठी समाजात ती कोणत्या पुराव्याने सोडवली जात असे, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण सातारच्या गादीवरील रामराजाचे होय. तो महाराणी ताराबाईंचा नातू होता की नव्हता, याविषयी खुद्द ताराबाईंनीच परस्परविरुद्ध शपथा घेतल्या. प्रस्तुत लेखात या साक्षींची चिकित्सा करून, रामराजाच्या पितृत्वाविषयीची अनिश्चितता ही केवळ कागदांच्या अभावातून आलेली नसून तत्कालीन पक्षांच्या गरजेतून टिकून राहिली, हे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

नोंद म्हणजे काय : इंग्लंडमधील चर्चच्या वह्या

वंशशोधाचा विषय निघाला की इंग्लंडमधील गावोगावच्या चर्चच्या नोंदवह्यांचा दाखला हमखास दिला जातो. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या आदेशाने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. १८३७ मध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू होईपर्यंत सुमारे तीनशे वर्षे सामान्य माणसाच्या कुळाचा तोच मुख्य आधार होता. आपल्याकडे अशा वह्या असत्या तर रामराजाचा प्रश्न उद्भवलाच नसता, असे सहज वाटू शकते.

परंतु हा समज तपासून घेतला पाहिजे. त्या वह्यांतील नोंद मुळात जन्माची नसून बाप्तिस्म्याची आहे. विवाहबाह्य संततीच्या बाबतीत बहुधा फक्त आईचे नाव येते. कधी त्यापुढे 'मानलेला पिता' अशा अर्थाचे शब्द जोडून एखाद्या पुरुषाचे नाव लिहिलेले असते. हे नाव येते ते बहुतांशी आईच्या सांगण्यावरून. १५७६ च्या कायद्याने अनौरस मुलाच्या पोषणाचा खर्च पित्यावर बसवण्याचा अधिकार न्यायाधिकाऱ्यांना मिळाला. त्यानंतर आईची शपथेवर जबानी घेणे, ज्याचे नाव ती घेईल त्याच्याकडून खर्चाचा जामीन लिहून घेणे, हा क्रम रूढ झाला. गावाच्या पैशाचा भार हलका करणे हा त्यामागील हेतू होता. सत्यशोधन हा दुय्यम परिणाम होय.

तात्पर्य, जेथे शतकानुशतके वह्या ठेवल्या गेल्या तेथेही पितृत्वाची नोंद अखेर एका स्त्रीच्या शब्दावर उभी आहे. तो शब्द कोणी, केव्हा आणि कोणत्या गरजेपोटी काढून घेतला, हे पाहिल्याशिवाय नोंदीचे मोल ठरत नाही. आपल्याकडील नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांनाही हाच निकष लागतो. त्यांत आजा-पणजापर्यंतची नावे सापडतात. पण ती यात्रेकरूने स्वतः सांगितलेली असतात. हाच निकष आता रामराजाच्या प्रकरणाला लावून पाहू.

ताराबाईंच्या साक्षी

छत्रपती राजारामांच्या पश्चात ताराबाईंनी आपला पुत्र शिवाजी यास गादीवर बसवून राज्य चालवले. पुढे १७१४ मध्ये कोल्हापुरात राजसबाईंचा पुत्र संभाजी गादीवर आला आणि ताराबाई व त्यांचा पुत्र कैदेत पडले. त्या पुत्राचा मृत्यूही कैदेतच झाला. त्याला झालेला मुलगा जिवाच्या भीतीने गुप्तपणे बाहेर काढून वाढवला, असे ताराबाईंनी निपुत्रिक शाहू महाराजांना त्यांच्या अखेरच्या वर्षांत सांगितले. हाच रामराजा. तो आपली बहीण दर्याबाई निंबाळकर हिच्या आश्रयाने पानगाव येथे राहत होता.

ही पहिली साक्ष ताराबाईंच्या हिताची होती, हे उघड आहे. नातू गादीवर आला तर राज्याची सूत्रे पुन्हा आजीच्या हाती येणार होती. म्हणूनच केवळ सांगण्यावर भागले नाही. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात या निमित्ताने ठरलेला एक विधी नोंदवला आहे. ताराबाईंनी ज्ञातीसमक्ष रामराजाबरोबर एकत्र भोजन करावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे सांगावे, असे ठरले. येथे पुराव्याचे स्वरूप लक्षात घेण्याजोगे आहे. कागद नाही, सुईण नाही, जन्मपत्रिका नाही. सोबत बसून घेतलेला घास हीच नोंदवही, आणि जमलेले भाऊबंद हेच तिचे साक्षीदार. परकुळातील माणसाला पंक्तीला घेणाऱ्याला दोष लागतो, या समजुतीमुळे त्या घासाला प्रमाणाचे वजन होते.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी निधन पावले आणि जानेवारी १७५० मध्ये रामराजा गादीवर आला. त्यानंतर काही महिन्यांतच चित्र पालटले. सांगोला येथे रामराजाने पेशव्यांच्या कारभारास मान्यता दिली. बाळाजी बाजीरावास दूर करावे हा ताराबाईंचा आग्रह त्याने मानला नाही. २४ नोव्हेंबर १७५० रोजी, चंपाषष्ठीच्या निमित्ताने सातारच्या किल्ल्यावर आलेल्या रामराजास ताराबाईंनी कैद केले. हा आपला नातू नव्हे, तो गोंधळी आहे, ज्या गोंधळ्याच्या घरी आपण खरा नातू ठेवला तेथे मुलांची अदलाबदल झाली, असे त्यांनी आता जाहीर केले. पुढे १४ सप्टेंबर १७५२ रोजी जेजुरीस खंडोबासमोर पेशवे व ताराबाई यांच्यात सलोख्याच्या आणाभाका झाल्या, तेव्हाही रामराजा आपला नातू नसल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले.

साक्षींची चिकित्सा

एका शपथेने दुसरी खोडली, म्हणून नंतरची खरी मानावी, असा कल या प्रकरणाविषयीच्या लेखनात वारंवार आढळतो. 'तोतया छत्रपती' हा शब्दप्रयोग त्याचेच फळ होय. या निष्कर्षाला तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप काळाचा आहे. नकार आला तो रामराजाने आज्ञा मोडल्यावर. त्याने ताराबाईंचे ऐकले असते तर हा नकार आलाच असता, असे मानण्यास आधार दिसत नाही. स्वतःची पहिली शपथ खोटी ठरवणे हे स्वतःच्या हिताविरुद्धचे विधान असल्याने ते विश्वसनीय मानावे, असा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु १७५० मध्ये हा नकारच त्यांच्या हिताचा होता. गादीवरील छत्रपतीस कैदेत ठेवणे हा राजद्रोह ठरला असता. तोतयास कैदेत ठेवणे मात्र कर्तव्य ठरत होते.

दुसरा आक्षेप विधानाच्या घडणीचा आहे. आपण खोटे बोललो, असे ताराबाई म्हणत नाहीत. आपण नातू लपवला हे खरेच, पण दैवाने तो बदलला, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे पहिल्या शपथेचा दोष त्यांच्याकडे राहत नाही आणि नव्या विधानाची परीक्षा घेण्यास साक्षीदारही उरत नाही. जे विधान कोणत्याही पुराव्याने खोडता येत नाही, ते कोणत्याही पुराव्याने सिद्धही होत नाही.

तिसरा आक्षेप 'गोंधळी' या शब्दाविषयी आहे. तुळजाभवानी ही भोसल्यांची कुलस्वामिनी, आणि तुळजापूरच्या भवानीचे व माहूरच्या रेणुकेचे उपासक ते गोंधळी. गोंधळाच्या प्रारंभी ठिकठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन पाचारण केले जाते. घराघरांच्या कुलाचाराची आठवण जपणाऱ्या या समाजाचे नाव येथे 'कुळ नसलेला' या अर्थाने वापरले गेले. फिरस्त्या गोंधळ्याच्या घरी मूल वाढणे यात अशक्य काही नव्हते. शत्रूच्या नजरेआड मूल ठेवायचे तर तो सोयीचाच आसरा होता. पण कोठे वाढला आणि कोणाच्या पोटी जन्मला हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ताराबाईंच्या उद्गारात ते एक झाले. पुढील लेखकांनी ते वेगळे करण्याऐवजी तो उद्गार जसाच्या तसा उचलला, ही त्या लेखनातील मुख्य उणीव होय.

अन्य साक्षीदारांची स्थितीही वेगळी नाही. शाहूंची राणी सकवारबाई रामराजास प्रथमपासून खोटा म्हणत होती. परंतु कोल्हापूरच्या संभाजीस गादी मिळावी हा तिचा पक्ष होता. दर्याबाईंनी त्यास भाऊ मानले. पण त्यांचेही हित त्यात गुंतलेले होते. निरपेक्ष साक्षीदार या प्रकरणात एकही नाही.

न झालेली चौकशी

मग चौकशी का झाली नाही? ती करण्याची रीत नव्हती, असे म्हणता येत नाही. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाची पेशवाईत चौकशी झाली आणि १७७६ मध्ये त्यास देहदंड देण्यात आला. त्या तोतयामागे फौज जमत होती आणि पुण्याच्या सत्तेलाच धोका होता. तेथे सत्य ठरवणे निकडीचे होते.

रामराजाच्या बाबतीत उलट स्थिती होती. तो खरा ठरला असता तर त्यास कैदेत ठेवणाऱ्या ताराबाई दोषी ठरल्या असत्या आणि छत्रपतींचा अधिकार बळकट झाला असता. खोटा ठरला असता तर ज्याच्या नावाने पेशव्यांनी कारभार चालवला ती मान्यताच ढासळली असती. जेजुरीची शपथ ऐकूनही पेशव्यांनी रामराजास गादीवरून दूर केले नाही. ज्याच्या रक्ताविषयी लोकांत कुजबुज आहे असा छत्रपती कारभाऱ्यापुढे मान वर करू शकत नाही. त्यामुळे संशय जिवंत राहणे हे किल्ल्यावरील आजीला आणि पुण्याच्या कारभाऱ्याला सारखेच सोयीचे होते. या सोयीची किंमत एकट्या रामराजाने मोजली. ताराबाई १७६१ मध्ये वारल्या. रामराजा १७७७ पर्यंत नावाचा छत्रपती राहिला. त्याच्यामागून दत्तक शाहू (दुसरे) गादीवर आले. पुढील वंश दत्तकाचा असल्याने रक्ताचा प्रश्न व्यवहारात संपला, पण उलगडला नाही.

आजचा संदर्भ

हा केवळ अठराव्या शतकातील राजघराण्याचा वाद नाही. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला त्या प्रक्रियेत स्थान मिळाले. परंडा, तुळजापूरसारख्या तालुक्यांतील कुटुंबे मोडी व उर्दू कागदांत पणजोबांची नावे शोधू लागली. वंशावळीतील एक दुवा जुळला की मुलांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा मार्ग बदलतो. तो न जुळल्यास सख्खे नातेही कागदावर परके ठरते. महसुली कागद लिहिला गेला तो सारा आणि जमीन यांच्या हिशेबासाठी. त्याने आज कुळाची साक्ष द्यावी अशी अपेक्षा असेल, तर त्याच्या मौनाचा अर्थ 'नाते नाही' असा लावणे हे ताराबाईंची दुसरी शपथ निमूट स्वीकारण्यासारखेच होईल.

निष्कर्ष

उपलब्ध साक्षींवरून रामराजा ताराबाईंचा नातू होता, असे सिद्ध होत नाही. तो तोतया होता, असेही सिद्ध होत नाही. मात्र त्यास तोतया म्हणणाऱ्या प्रत्येक विधानामागील तातडीचे हित दाखवता येते, त्यामुळे तो शब्द इतिहासलेखनात निर्णयासारखा वापरणे योग्य नाही. इंग्लंडच्या वहीतील 'मानलेला पिता', उपाध्यायाच्या वहीतील यात्रेकरूचे कथन आणि सातारच्या पंक्तीतील घास या तिन्ही नोंदी कोणाच्या तरी गरजेतून निर्माण झाल्या आहेत. पूर्वजाचा पिता शोधणाऱ्या अभ्यासकाने नोंदीत काय लिहिले आहे याच्याबरोबरच ती नोंद कोणाला हवी होती, आणि जेथे नोंद नाही तेथे ती कोणाला नको होती, हेही विचारले पाहिजे.